तोच प्रश्न पुन्हा का येतो, आणि आला की काय करावे

श्रावणाची झड चार-पाच दिवस लागून राहिली, ऊन पडले नाही, की जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यातल्या केळी उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच तऱ्हेची छायाचित्रे येऊ लागतात. कोवळ्या रोपाचे पान, त्यावर पिवळसर पट्टे, आणि खाली दोन शब्द: ‘काय असेल?’ सकाळी एक येते, दुपारी दुसऱ्या गावाहून दुसरे, रात्रीच्या जेवणानंतर आणखी दोन. पहिल्याला सविस्तर उत्तर मिळते, दुसऱ्याला ‘हरण्या आहे, उपटा’ एवढेच (हरण्या म्हणजे केळीचा एक विषाणूजन्य रोग), तिसऱ्याला ‘वर पाहा’, आणि चौथ्याला कुणीच काही लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमध्ये असा चौथा एक मुलगा होता, नुकतीच शेती हाती घेतलेला. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तेव्हा एका जाणत्या शेतकऱ्याने वैतागून लिहिले, ‘भाऊ, रोज रोज तेच काय विचारता? आधी वाचत जा.’ मुलाने उत्तर दिले नाही; तो ग्रुप सोडून गेला. त्याच्या बागेतली रोगट रोपे त्यानंतर पंधरा दिवस तशीच उभी होती, हे मला पुढे कळले. मी त्या ग्रुपच्या ॲडमिनांपैकी एक आहे. वैतागलेल्या त्या जाणत्याला मी दोष देत नाही, कारण पहिले सविस्तर उत्तर त्यानेच दिले होते आणि तेच उत्तर तो तीन वर्षे देत आला होता.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांचा त्रास हा असा दोन्हीकडून असतो. विचारणाऱ्याला वाटते की आपल्याला कुणी मोजत नाही. उत्तर देणाऱ्याला वाटते की आपल्या वेळेला किंमत नाही. यातली दुसरी बाजू अधिक घातक आहे, असे माझे मत झाले आहे. विचारायला अर्धा मिनिट लागतो, नीट उत्तर लिहायला पंधरा मिनिटे लागतात, आणि ज्याला उत्तर येते तो मनुष्य ग्रुपमध्ये फार तर चार-पाच जणांपैकी एक असतो. तो एकदा गप्प झाला की त्याच्या जागी अर्धवट माहितीची, पुढे ढकललेली, कुणाच्या तरी दुकानात ऐकलेली उत्तरे येऊ लागतात. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये आता १,०२४ माणसे मावतात. पण त्यांतले उत्तर देणारे निघून गेले, तर उरते ती नुसती गर्दी.

मूळ कारण समजून घेण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: माणसांना स्मरण असते, ग्रुपला नसते. नवा सदस्य आत येतो, तेव्हा त्याच्या येण्याआधी काय बोलणे झाले ते त्याला आपोआप दिसत नाही. ‘वर पाहा’ असे आपण त्याला सांगतो, पण त्याच्या फोनमध्ये वर काही नसतेच. जे जुने सदस्य आहेत त्यांच्याकडे सगळे असते, मात्र तेही पाटाच्या पाण्यासारखे पुढे वाहून गेलेले. जून महिन्यातले उत्तम उत्तर ऑगस्टमध्ये काढायचे, तर मधले शुभेच्छांचे, भावांचे आणि पावसाच्या चित्रफितींचे शेकडो मेसेज ओलांडावे लागतात.

शोधून का पाहत नाहीत, असे विचारले जाते. मीही विचारत असे. मग एकदा मी स्वतः बसून शोधले. व्हॉट्सॲपचा शोध अक्षरांवर चालतो, अर्थ त्याला कळत नाही. आमच्या ग्रुपमध्ये हा एकच रोग ‘हरण्या’, ‘हरन्या’, ‘हरण्यारोग’, ‘सीएमव्ही’, ‘कुकुंबर मोझॅक’, ‘मोझाईक’, ‘व्हायरस’ आणि नुसते ‘पिवळं पडतंय’ अशा नावांनी लिहिलेला आढळला. रोमन अक्षरांत लिहिलेले त्याहून वेगळे. ‘हरण्या’ शोधणाऱ्याला ‘मोझॅक’ सापडत नाही. त्यातही सर्वांत चांगली उत्तरे आवाजी मेसेजमध्ये होती, कारण जाणत्या माणसांना टंकलेखनाचा कंटाळा असतो आणि ते बोलून मोकळे होतात. त्या आवाजातला एकही शब्द माझ्या शोधात सापडला नाही. प्रश्न तर बहुतेक वेळा छायाचित्रच असतो, त्यात शब्दच नसतो. इतके पाहिल्यावर ‘आधी वाचत जा’ हे वाक्य मी कुणालाही लिहिलेले नाही.

ही अडचण आपल्या फोनांबरोबर जन्माला आलेली नाही. युजनेट नावाचे, संगणकांवरून चालणारे चर्चेचे जाळे अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये कल्पिले आणि १९८० मध्ये ते सुरू झाले. तिथे दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, तेच जुने प्रश्न विचारीत, आणि महिनाभरात जुन्यांच्या रीतीला लागत. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइन या कंपनीने आपल्या ग्राहकांना हे जाळे खुले केले, तेव्हा नव्यांचा लोंढा वर्षभर येऊ लागला. जुन्या मंडळींनी त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले. त्या लोंढ्याआधीच, ऐंशीच्या दशकात, ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ ही आज प्रत्येक संकेतस्थळावर दिसणारी यादी रुजली. ती यादी ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा टाकली जात असे, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट, कारण जुने मजकूर काही काळाने साठ्यातून निघून जात. एकदा लिहून ठेवले की काम झाले, असे त्यांनी मानले नाही.

केळीवाल्यांचा सप्टेंबर वर्षातून दोनदा येतो. जून-जुलैत मृगबाग लागते, सप्टेंबर-ऑक्टोबरात कांदेबाग; ही दोन्ही केळीच्याच लागवडीची नावे. दोन्ही वेळा नवी माणसे ग्रुपमध्ये येतात आणि जुनीही नव्या बागेबरोबर नव्याने घाबरतात. प्रश्न कधी येणार हे आपल्याला आधीच माहीत असते. मग उत्तरही त्याआधी आठ दिवस तयार ठेवता येते.

परंतु सगळे परत येणारे प्रश्न एका जातीचे नसतात, आणि त्यांना एकच औषध चालत नाही. सर्वाधिक चूक इथे होते.

पिवळ्या पानाचाच प्रश्न घ्या. ऑगस्टमध्ये कोवळ्या रोपावर पट्टे दिसत असतील, तर मनात हरण्या येतो. जानेवारीत, थंडीची लाट आल्यावर, ‘पान पिवळं पडतंय’ असे कुणी लिहिले, तर तो बहुधा चरका, म्हणजे थंडीचा फटका असतो. थंडीने मुळांचे काम मंदावलेले असते. खालची, जुनी पाने ठिपक्या-रेषांनी पिवळी होऊन करपत असतील, तर करपा. चुनखडीच्या जमिनीत नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या राहत असतील, तर लोहाची कमतरता. शब्द तेच, छायाचित्रही दुरून सारखेच, पण हे चार वेगळे प्रश्न आहेत. चौघांनाही एकाच जुन्या उत्तराकडे धाडणारा ॲडमिन शिस्त पाळत असेल, पण कुणाची तरी बाग बिघडवत असतो. म्हणून ‘हे आधी झाले आहे’ असे म्हणण्यापूर्वी निदान तीन गोष्टी विचारायच्या, असे आम्ही ठरवले: लागवड कधीची, पट्टे नव्या पानावर की जुन्या, आणि किती झाडांवर. या तिन्हींची उत्तरे जुळली तरच प्रश्न जुना.

जुना ठरला, तर उत्तराला एक कायमची जागा हवी. संगणकतज्ज्ञांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या २००८ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळाने याची एक चांगली रीत घालून दिली आहे. तिथे एखादा प्रश्न आधी विचारलेला आढळला, तर त्याच्यावर ‘दुबार’ असा शिक्का मारून तो बंद करतात आणि मूळ प्रश्नाचा दुवा वर लावतात. बंद केला म्हणून तो लगेच पुसून टाकतात असे मात्र नाही. दुसऱ्या माणसाने तोच प्रश्न स्वतःच्या शब्दांत विचारलेला असतो, आणि उद्या तिसरा कुणी त्याच शब्दांनी शोधत आला, तर हा बंद प्रश्न त्याला योग्य उत्तरापर्यंत नेतो. चौफुलीवर गावाच्या नावाची पाटी एकाच बाजूला लावून भागत नाही. ज्या ज्या रस्त्याने माणूस येतो त्या त्या तोंडाला ती हवी. आमच्या ग्रुपला याचा थेट उपयोग झाला. हरण्यावरच्या उत्तराच्या पहिल्या ओळीत आम्ही ती सगळी नावे, चुकीच्या लेखनासकट आणि रोमन अक्षरांतली धरून, लिहून ठेवली. ओळ दिसायला ओबडधोबड आहे, पण त्यामुळे शोधणाऱ्याला सापडते.

त्याच संकेतस्थळाच्या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिक्के मारण्याची सवय इतकी वाढली की नव्या माणसांना तिथे विचारायची भीती वाटू लागली, आणि २०१८ मध्ये त्या कंपनीने स्वतःच जाहीरपणे मान्य केले की आपल्याकडे नवख्यांचे स्वागत नीट होत नाही. दुव्याने वेळ वाचतो. दुवा ज्या सुरात दिला जातो, त्यावर माणूस टिकतो.

आता हे कायमचे उत्तर लिहायचे कसे. माझा अनुभव असा की ते मोबाइलच्या दोन पडद्यांपेक्षा मोठे झाले की कुणी वाचत नाही, आणि ते तज्ज्ञाने तज्ज्ञासाठी लिहिले तरी कुणी वाचत नाही. आधी ओळख कशी पटवायची ते, मग आज, या क्षणी काय करायचे ते, आणि कारणे सर्वांत शेवटी. हरण्याच्या बाबतीत मात्र आमचे पहिले उत्तर नावांच्या ओळीनंतर थेट असे सुरू होई: ‘रोगट झाडावर औषध नाही. ते मुळासकट काढून बागेबाहेर नष्ट करा. आजच करा.’ त्यानंतर मावा हा कीटक रोग पसरवतो म्हणून त्याचा बंदोबस्त, बांधावरचे तण काढणे, आणि केळीत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची अशी आंतरपिके न घेणे. हे आवाजात सांगितलेले होतेच. ते लिहून काढायला एका सदस्याच्या शिकणाऱ्या मुलीने दोन संध्याकाळी दिल्या. प्रत्येक ग्रुपमध्ये असे कुणीतरी शोधावे, कारण सांगणारा आणि लिहिणारा हे एकाच माणसात क्वचित सापडतात.

उत्तराच्या तळाशी तारीख असते. लिहिल्याची, आणि शेवटची तपासल्याची. फळपीक विम्याचे निकष आणि मुदती, अनुदानाची कागदपत्रे, फवारणीची शिफारस या गोष्टी बदलतात. तारीख नसलेले जुने उत्तर हे उत्तर नसण्यापेक्षा वाईट, कारण लोक त्यावर विश्वास ठेवतात.

ठेवायचे कुठे, हा त्या मानाने सोपा भाग आहे. व्हॉट्सॲपमध्ये मेसेज पिन करता येतो, पण जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी, त्यामुळे तो पुन्हा लावण्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असावी लागते. ग्रुपच्या वर्णनात मात्र लिंक कायम राहते, आणि नवा माणूसही ती पाहू शकतो. उत्तरांचा कागद ऑनलाइन ठेवून त्याची लिंक वर्णनात द्यावी, हे आम्हाला सर्वांत टिकाऊ वाटले. ग्रुप फार मोठा असेल, तर २०२२ पासून आलेल्या कम्युनिटीच्या सोयीने रोग, भाव, विमा असे वेगळे ग्रुप करता येतात. पण माणसे थोडी असतील तर हा व्याप करू नये, चार ओसाड ग्रुपांपेक्षा एक भरलेला बरा.

भावाचा प्रश्न निराळा आहे. ‘आज केळीना भाव काय शे?’ असे शिरपूरकडचा भाऊ सकाळी अहिराणीत विचारतो, अर्ध्या तासाने चोपड्याहून तेच येते, मग मुक्ताईनगरहून. याला कायमचे उत्तर असूच शकत नाही, कारण ते रोज नवे असते. रावेरचा भाव वेगळा, बऱ्हाणपूरचा वेगळा, नवतीचा (नव्या लागवडीच्या पहिल्या पिकाचा) वेगळा आणि पिलबागेचा (खोडव्याचा) वेगळा. इथे वेळ ठरवून द्यायची असते. एका माणसाने रोज ठरल्या वेळी, ठरल्या मांडणीत, भाव टाकायचा आणि तो कुठून घेतला तेही लिहायचे. वेळ पक्की झाली की विचारणारे आपोआप थांबतात, असे आम्ही पाहिले. जिथे दोन दिवस भाव चुकला, तिथे तिसऱ्या दिवशी सगळे प्रश्न परत आले.

यात मला आपल्या फड पद्धतीची आठवण होते. धुळे जिल्ह्यात पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे घालून, त्यांच्या पाटाखालची जमीन फडांत वाटून, गावाने स्वतः पाणी वाटण्याची जी जुनी रीत होती, तिच्यात पाणी कुणाला केव्हा मिळणार याचा क्रम ठरलेला असे. शेतकऱ्याने रोज पाटावर जाऊन ‘माझी पाळी कधी?’ असे विचारायची गरज नव्हती. गावाने नेमलेले पाटकरी आणि जागले ते काम पाहत. प्रश्न दाबून टाकलेला नव्हता, त्याचे उत्तर सर्वांना आधीच ठाऊक होते. उत्तर देण्याच्या कामालाही आम्ही तशीच पाळी लावली. आठवड्याला दोन जण. ते परतलेल्या प्रश्नांना दुवा देतात, तीन गोष्टी विचारतात, आणि बाकीचे जाणते त्या आठवड्यात मोकळे असतात. जो वैतागला होता त्याला आम्ही आधी तीन महिने विश्रांती दिली. आता त्याच्याकडे फक्त खरोखर नवे, अवघड प्रश्न जातात आणि तो पुन्हा आनंदाने लिहितो.

तिसऱ्या जातीचे प्रश्न म्हणजे न संपणारे वाद. रासायनिक की सेंद्रिय, विमा काढावा की नाही, व्यापारी लुटतो की बाजारच तसा आहे. यांना ‘दुबार’ म्हणून बंद करणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांत माहिती कमी आणि सोसलेले अनुभव जास्त असतात. मात्र ते रोज सकाळी नव्याने सुरू झाले तर दुसरे काही उरत नाही. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी एक पान आहे: वारंवार मांडले जाणारे आणि वारंवार नाकारले गेलेले प्रस्ताव तिथे कारणांसह नोंदवलेले असतात. नवा माणूस तोच प्रस्ताव घेऊन आला, तर त्याला ते पान दाखवतात आणि म्हणतात, यापुढचे काही नवे असेल तर जरूर बोला. मराठी विकिपीडियावर सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ असे नाव आहे, आणि ते मला फार समर्पक वाटते. चावडीवर बोलण्याला जागा होती, वेळ होती, आणि काय ठरले ते लक्षात ठेवणारे होते. आम्ही महिन्यातून एक रविवार वादाला दिला. दोन्ही बाजूंचे मुद्दे रात्री एकत्र लिहून ठेवले जातात. पुढच्या वेळी सुरुवात तिथून होते.

ॲडमिनांना आणखी एक धास्ती असते, की कुणी काही चुकीचे टाकले तर आपल्यावर येईल, आणि त्या धास्तीपायी ते चर्चाच बंद करतात, ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ करून टाकतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दिसत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कुणाला जबाबदार धरता येत नाही. चुकीचा मजकूर काढावाच. पण भीतीने ग्रुप मुका करू नये, कारण मुक्या ग्रुपमध्ये त्या मुलाने विचारायचे तरी कुणाला?

दुवा देताना काय लिहायचे, याचीही आम्ही वाक्ये ठरवली, कारण घाईत हात कडक लिहितो. वडीलधाऱ्याने विचारले तर, ‘जिभाऊ, याचं उत्तर इथे लिहून ठेवलंय, दुसरा परिच्छेद पाहा. पट्टे नव्या पानावर असतील तर लगेच कळवा.’ तरुणाला ‘भाऊ’, बाईमाणसाला ‘ताई’. दुव्यासोबत नेमका परिच्छेद सांगायचा आणि शेवटी परत येण्याचे निमंत्रण द्यायचे, एवढे दोनच नियम. काही प्रश्न असे असतात की विचारणाऱ्याला उत्तर माहीत असते. रात्री अकराला ‘उद्या पाऊस येईल का?’ असे लिहिणाऱ्याला हवामान नको असते, घड निसवलेली बाग वाऱ्यात उभी आहे म्हणून त्याला झोप येत नसते. त्याला दुवा देऊ नये. त्याच्याशी चार वाक्ये बोलावे.

ग्रुप सोडून गेलेल्या त्या मुलाला मी दिवाळीनंतर फोन केला. आधी तो तुटक बोलला, मग येतो म्हणाला. उत्तरे वर्षातून दोनदा, मृगबागेआधी आणि कांदेबागेआधी, तपासायची असे आमचे ठरले आहे, आणि ती तपासणी जाणत्यांनी एकट्याने न करता त्या विषयावर सर्वांत शेवटी ज्याने प्रश्न विचारला त्याच्यासोबत करायची. लिहिलेले कुठे समजत नाही हे त्यालाच ठाऊक असते. त्या मुलाने हरण्याचे उत्तर वाचले आणि म्हणाला, ‘यात झाड उपटा लिहिलंय, पण हाच रोग आहे याची खात्री कशी करायची ते नाही. चांगलं झाड उपटायला हात धजत नाही.’ त्याचे म्हणणे बरोबर होते. आमच्यापैकी कुणाला तीन वर्षांत हे सुचले नव्हते. आता त्या कागदावर पहिल्या ओळीनंतर निरोगी आणि रोगट पानांची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी आहेत, पोंगा (मधले न उलगडलेले कोवळे पान) कुजलेला आहे का ते पाहा अशी सूचना आहे, आणि तरीही शंका असेल तर झाडावर फडके बांधून दुसऱ्या दिवशी उजेडात काढलेले छायाचित्र पाठवा, असे त्याच्या शब्दांत लिहिलेले आहे.